दादाची सरकती पेटी

माझा दादा दिग्रसच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, पण गावात त्याला ओळखतात ते पेटीवाले सर म्हणून. कुणाकडे सत्यनारायण असो, बारसं असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, मोटारसायकलच्या मागच्या सीटवर पेटी बांधून दादा हजर. मी त्याची धाकटी बहीण. मी याच गावात शाळेत मराठी शिकवते, आणि लग्नही गावातच झाल्यामुळे माझं सासर दादाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे.

मला गाणं त्याच्यामुळे आलं. लहानपणी तो मला समोर बसवून म्हणायला लावायचा आणि माझं चुकलं की नुसता हात थांबवायचा. रागावायचा नाही, काही बोलायचाही नाही. त्याची बोटं पुन्हा हलेपर्यंत मी तीच ओळ म्हणत राहायची. पुढे आम्ही दोघंही राममंदिरातल्या महिला भजनी मंडळात जाऊ लागलो. दर गुरुवारी संध्याकाळी एवढ्या सगळ्या बायका आणि त्यांच्यात पेटी घेऊन बसलेला हा एकटा पुरुष. मंडळाची पट्टी काळी पाच, म्हणजे बायकांच्या मानानंसुद्धा उंच. ती ठरली होती माझ्या आवाजावरून. अभंगाची वरची ओळ माझ्याकडे असायची, आणि ती घेताना सगळं मंडळ माझ्याकडे बघतं हे मला माहीत होतं. आवडायचंही.

मग माझ्या गळ्यात गाठ आली. थायरॉइडची. नागपूरला ऑपरेशन करायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी समजावून सांगितलं की आवाजाच्या नसा त्या गाठीला अगदी चिकटून जातात, आम्ही जपूच, पण थोडा फरक पडू शकतो. माझे यजमान म्हणाले, "गाठ निघाली पाहिजे, बाकी पाहून घेऊ." मीही मान हलवली. दादा तिथेच भिंतीला टेकून उभा होता. त्यानं डॉक्टरांना एकच विचारलं, "वरचा आवाज जाईल का खालचा?" डॉक्टर जरा हसले. म्हणाले, "गेला तर वरचा."

वरचाच गेला. बोलणं महिन्याभरात पूर्ववत झालं, वर्गात शिकवायला लागले, पण गायला तोंड उघडलं की एका जागेच्या वर नुसती हवा. जे काही उरलं होतं ते जाड, खर्जाकडे झुकलेलं. मी स्वयंपाकघरात कुकरच्या आवाजाआड दोनतीनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. गुरुवारी मंडळात जायचंही बंद केलं. कुणी विचारलं तर शाळेचे पेपर तपासायचेत म्हणून सांगायची.

दादा मात्र दर गुरुवारी मंडळ आटोपलं की प्रसाद घेऊन आमच्याकडे यायचा. गाण्याचं काही काढायचा नाही. चहा प्यायचा, माझ्या यजमानांशी कापसाच्या भावाबद्दल बोलायचा आणि जायचा. असे बरेच गुरुवार गेले. एकदा मात्र प्रसादाबरोबर पेटीही आत घेऊन आला आणि दिवाणखान्यात खाली बसला.

"बस वं समोर. सा लाव."

"दादा, नको."

"मंडळात नको येऊ. इथं लाव ना. इथं कोण ऐकून राह्यलं?"

मी लावला. त्यानं पांढरी चार दाबली. सूर माझ्या आवाजाच्या खाली पडला. त्यानं शेजारची काळी तीन दाबली, ती वर गेली. पुन्हा पांढरी, पुन्हा काळी. भाता ओढता ओढता त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सापडल्यासारखी खुशी दिसायला लागली, आणि मला इकडे रडू यायला लागलं.

"तुह्या आवाजाले काही झालं नाही," तो म्हणाला. "तुहा सा दोन पट्ट्यांच्या मधात बसला आहे. पेटीलेच ती जागा नाही."

"मग जा, पेटीचं ऑपरेशन कर," मी चिडून म्हटलं आणि उठून आत गेले.

मी रागानं बोलले होते. त्यानं ते कामच समजून घेतलं.

कुठल्याशा शाळेच्या भंगारात निघालेली एक जुनी पेटी त्यानं मिळवली आणि घरी जेवणाच्या टेबलावर खोलली. पेटीच्या पोटात पितळी पत्त्या असतात. हवा आली की थरथरतात, प्रत्येकीचा सूर ठरलेला. पत्ती टोकाला घासली तर सूर चढतो, मुळाशी घासली तर उतरतो. दादानं कानस घेतली आणि एकेक पत्ती मुळाशी घासायला बसला. पहिला अख्खा संच वाया गेला. काही पत्त्या तुटल्या, काही इतक्या खाली गेल्या की त्यांच्यातून म्हशीसारखा आवाज निघायचा. वहिनी रोज सकाळी टेबल पुसायची आणि रोज म्हणायची, "आज पोह्यात पितळ आहे, पाहून खा."

नुसता सा उतरवून त्याचं समाधान होणार नव्हतं. त्याच्या डोक्यात फार जुनी एक तक्रार होती. पेटीचा गंधार जरासा चढा असतो, सगळ्या पट्ट्या सारख्या अंतरावर बसवल्या की असं होतंच, आणि माणूस गाताना तसं गात नाही. हे तो मला शाळेत असल्यापासून ऐकवत आला होता. आता ऑपरेशनच करायचं तर पुरतं करू, असं म्हणून त्यानं जवळजवळ प्रत्येक सुराला दोन-दोन पत्त्या दिल्या, एक किंचित चढी, एक किंचित उतरी. पट्ट्यांच्या वर लाकडी खुंट्यांची एक रांग बसवली. खुंटी बाहेर ओढली की उतरी पत्ती बोलणार, आत ढकलली की चढी.

भाता फाटका होता. तो शिवून देणारं दिग्रसला कुणी सापडलं नाही तेव्हा दादाला पांढरकवड्याचा एक माणूस आठवला. तो हायवेवर ट्रकच्या सीटा शिवायचा. बसचा भरवसा नव्हता म्हणून आम्ही दोघं मोटारसायकलवर गेलो, भाता माझ्या मांडीवर. सीटवाल्यानं तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "साहेब, याच्यावर बसते कोण?" दादानं त्याला सगळं समजावलं, हवा कुठून येते, कुठे अडते, शिवण कुठे नको. त्यानं लाल रेक्झिनमध्ये भाता शिवला. ट्रकवाल्यांना लावून देतो तशी पिवळी किनार मात्र न विचारता लावली. दादा खूश. म्हणाला, "हवा निघून नाही राह्यली. रंगाचं काय करायचं?"

पेटी तयार झाली आणि खरंच गोड वाजली. रविवारी संध्याकाळी मी दादाच्या घरी तिच्यासमोर बसले, सा लावला आणि सूर माझ्या सुरात असा मिसळला की मी डोळे मिटून घेतले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं. मी एक अख्खं भजन म्हटलं. वहिनी दारात हात पुसत उभी होती, तिनं पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी मी पुन्हा गेले तर जमेना. माझा सा हलला होता. सकाळी गळा आखडलेला, आवाज आणखी खाली. संध्याकाळी पुन्हा वर. गुरुवारी तिसरीकडेच. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आवाज स्थिर व्हायला बराच काळ लागेल, पण पेटी बनवताना ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

दादा डोक्याला हात लावून बसला. "सकाळी येक, संध्याकाळी येक. तू माणूस आहेस का हवामान आहेस वं?"

"मी सांगितलं होतं का तुला इतकी मेहनत कर म्हणून?"

"नाही सांगितलं," तो म्हणाला, आणि खुंट्या एकेक करून आत ढकलत राहिला.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. बाहेर ऊन मरणाचं, आणि दादा कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसलेला. पत्त्यांनी होणार नाही ते कॉम्प्युटरनं करायचं त्यानं ठरवलं होतं. प्रोग्रॅम लिहिणं त्याला थोडं येत होतं, बाकीचं तो इंटरनेटवर शिकला. माझं काम एकच, माइकसमोर बसून सा धरायचा. पडद्यावर माझा आवाज एका हिरव्या रेघेसारखा दिसायचा. वाऱ्यावर वाळत घातलेल्या साडीचा काठ जसा हलतो तशी ती रेघ हलायची. मला वाटत होतं माझा आवाज मोडून पडला आहे. पडद्यावर तो नुसता हलत होता. हलत हलत का होईना, पुढे जात होता.

"हे पाह्य," दादा बोट ठेवून दाखवायचा, "इथं तू गंधार घेतला. पेटीच्या गंधारापेक्षा इतका खाली. आणि बरोबर घेतला." असं म्हणताना त्याला इतका आनंद व्हायचा की मी नको म्हणायच्या ऐवजी पुन्हा गंधार घ्यायची.

पावसाळा संपेपर्यंत प्रोग्रॅम झाला. साधा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड लॅपटॉपला जोडलेला, माझ्यासमोर माइक. मी गाईन तसा लॅपटॉप माझा सूर ऐकणार आणि कीबोर्डचे सगळे सूर त्याच्याशी जुळवून घेणार. मी खाली गेले तर तो खाली, मी वर गेले तर तो वर. घरी आम्ही एकेक-दोनदोन ओळी करून पाहिल्या. सुरेख जमायचं.

दत्तजयंतीला मंदिरात कार्यक्रम होता. वर्षभरानं मी मंडळात जाऊन बसले. आमच्या मंडळाच्या प्रमुख काकू, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, पण टाळ त्यांच्यासारखे अजून कुणी वाजवत नाही. त्यांनी मला ओढून शेजारी बसवलं. मंडपात गावातली बरीच मंडळी होती, दादाच्या कॉलेजातले लोक होते, माझ्या वर्गातल्या मुली पुढच्या रांगेत होत्या. दादानं लॅपटॉप एका स्टुलावर ठेवला होता आणि त्यालाही कुणी हार घालू नये म्हणून वहिनी राखणीला बसली होती.

मी सुरुवात केली. कीबोर्ड माझ्या सुरात आला, टाळ वाजायला लागले, मागे बायकांनी धरलं. पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्या कडव्यात माझा आवाज भरून आल्यामुळे जरासा उतरला. कीबोर्ड माझ्यामागे उतरला. मला कानाला सूर बरोबर लागत होता, कारण तो माझाच होता, म्हणून मी निर्धास्त आणखी थोडी उतरले. तोही उतरला. मी त्याला धरून चालले होते आणि तो मला. तिसऱ्या कडव्यापर्यंत आम्ही दोघं विहिरीच्या पायऱ्या उतरावं तसे खाली खाली निघालो होतो आणि अख्खं मंडळ आमच्यामागे.

दादाच्या लक्षात आलं. तो एका हातानं वाजवत दुसऱ्या हातानं लॅपटॉपवर काहीतरी शोधायला लागला. मला ते दिसत होतं, पण थांबायचं कसं? पाचव्या कडव्याला आम्ही जिथे पोचलो तिथे बायकांचा आवाजच जात नाही. मागून नुसती गुणगुण यायला लागली, मग गुरगुर. एवढ्यात काकूंनी एकदम टाळ खाली ठेवले आणि त्या जाड आवाजात म्हणाल्या, "आता आणखी कुठे नेतं वं बाई? खाली पाणी लागून राह्यलं."

आधी शेजारची एक बाई हसली, मग सगळ्या. मंडप हसला. माझ्या वर्गातल्या मुली तोंडावर हात घेऊन हसत होत्या. मला वाटलं होतं असं काही झालं तर मी मरून जाईन, पण मी त्या सगळ्यांपेक्षा जास्त हसत होते. पोटात दुखेपर्यंत, टाके पडलेला गळा धरून हसत होते. फक्त दादा हसत नव्हता. तो मान खाली घालून वायर काढत होता.

हसू ओसरल्यावर काकू माझ्या कानाशी वाकल्या. "एक सांगू का? मधात एका ठिकाणी लय बरं वाटलं. दुसऱ्या कडव्यापाशी. तिथंच राहत जा ना तू. इतकी वर्षं तुह्यामागं काळी पाचवर चढून चढून आमचे गळे सोलून निघाले."

मी त्यांच्याकडे वळले. "मग सांगितलं काहून नाही कधी?"

"कायले सांगावं? तुहा आवाज वर जायचा तेव्हा ऐकाले बरं वाटे. गळ्याचं काय, घरी जाऊन हळद-दूध घेत होतो."

शेजारच्या दोघीतिघींनी माना हलवल्या. वर्षभर मी पेपर तपासायचे आहेत म्हणून घरात बसले होते, आणि इथे या बायका माझ्या बरोबरीनं विहिरीच्या तळापर्यंत उतरल्या होत्या. एकीनंही आपला सूर धरून वर थांबायचा विचार केला नव्हता.

दादा दोन दिवस आमच्याकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी मीच गेले. तो अंगणात वर्तमानपत्र वाचत बसला होता, म्हणजे वाचत नव्हता.

"गावासमोर हसं केलं तुहं," तो म्हणाला.

"केलंस. मजा आली."

"दोघांनी एकमेकाले पाहून चालायचं म्हटलं तर कोणी रस्ता पाहत नाही, हे मले कळाले पाह्यजे होतं. फिजिक्स शिकवतो मी."

"मग आता रस्ता कुणी पाहायचा?"

त्यानं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. मला ठाऊक होतं, तो त्याच प्रश्नाची वाट बघत होता.

पुढच्या काही महिन्यांत जे तयार झालं त्याला मंडळातल्या बायकांनी सरकती पेटी नाव दिलं. दिसायला ती पेटीच आहे. लाल रेक्झिनचा भाता तसाच ठेवला आहे, कारण भात्याशिवाय दादाचा डावा हात बेचैन होतो. भाता जोरात ओढला की आवाज मोठा होतो, हळू ओढला की बारीक. आत मात्र पत्त्या नाहीत, एक लहान कॉम्प्युटर आणि स्पीकर आहे. गाण्याच्या आधी मी एकदा सा म्हणते, पेटी तो ऐकते आणि तिथेच पाय रोवून उभी राहते. मग मी कितीही डगमगले तरी तिचा सा हलत नाही. बाकीचे सूर दादा वरच्या खुंट्यांनी हवे तसे चढवतो-उतरवतो, माझा गंधार माझ्यासारखा, निषाद माझ्यासारखा. आता त्या खुंट्या प्लास्टिकच्या, वरखाली सरकणाऱ्या आहेत, कॉलेजच्या लॅबमधल्या निकामी झालेल्या यंत्रांवरून काढलेल्या.

मी गुरुवारी जायला लागले. मंडळाची पट्टी आता खाली आली आहे. वरची ओळ आम्ही सगळ्या मिळून म्हणतो, आणि वरची म्हणण्याइतकी ती वर नाहीच.

ही गोष्ट गावात पसरली ती दादाच्या हुशारीमुळे नव्हे, दत्तजयंतीच्या हशामुळे. पण तिचा परिणाम असा झाला की ज्यांनी गाणं सोडलं होतं अशा बायका दादाच्या घरी यायला लागल्या. कुणाचे दात काढल्यापासून सूर निसटत होते, कुणाचा आवाज वयानं जाड झाला होता, एकीला तर तरुणपणीच कुणीतरी तू पट्टीत नाहीस म्हणून उठवलं होतं. टेलरकडे माप द्यायला जावं तशा त्या रविवारी सकाळी सा द्यायला येतात. मुकुटबनहून माझी नणंद आली होती, तीसुद्धा सा देऊन गेली आणि जाताना विचारत होती, "भाऊ, हे मोबाइलमध्ये नाही का देता येत?" दादानं ते मनावर घेतलं. आता मोबाइलवरही आहे, नणंद शेतातून येऊन हातपाय धुतले की लावून बसते.

वहिनीनं मात्र कधी सा दिला नव्हता. ती लग्न होऊन आमच्या घरात आल्यापासून मी तिला गाताना ऐकलं नव्हतं. सगळे गाणारे, त्यात आपण कशाला, असं म्हणून ती चहाकडे बघायची. गेल्या महिन्यात एका रविवारी पाऊस होता आणि कुणी आलं नाही. आम्ही तिघंच. मी सहज म्हटलं, "वहिनी, आज तुझा घेऊ."

ती नाही नाही म्हणत बसली. दादानं भाता उघडला. "सा म्हण फक्त."

तिनं म्हटला. पेटीनं ऐकला आणि धरला. पण वहिनी तोवर दुसरीकडे निघून गेली होती. पुन्हा घेतला, पुन्हा तेच. तिचा आवाज कुठे टेकतच नव्हता, दर शब्दाला जागा बदलत होता. दादाच्या कपाळावर आठ्या पडल्या. मला धास्ती वाटली की आता तो लहानपणी माझ्यासाठी थांबवायचा तसा हात थांबवेल.

"राहू द्या," वहिनी म्हणाली, "माझं होत नाही ते."

"काहून नाही होत? तुले कोणतं गाणं येते ते म्हण. सरळ म्हण. मी पाहतो."

तिनं एक पाळणा म्हटला, तिच्या माहेरचा. बारीक आवाजात, पदराच्या टोकाशी चाळा करत. दादानं पेटीचा धरलेला सा सोडवला आणि एक हात पट्ट्यांवर, दुसरा खुंट्यांवर असा तिच्यामागे निघाला. ती वर गेली की खुंटी वर, ती घसरली की खुंटी खाली. भाता ओढायला हात उरला नाही तेव्हा मला म्हणाला, "तू ओढ," आणि मी पुढे सरकून भाता धरला. कधी तो तिला गाठायचा, कधी एक पाऊल मागे राहायचा. त्याची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती. पाळण्याची सगळी कडवी होईपर्यंत त्यानं तिला एकटं सोडलं नाही.

पाळणा संपला तेव्हा वहिनी घामाघूम झाली होती आणि दादाही.

"बरं म्हटलं का?" तिनं विचारलं.

"मले काय माहीत?" दादा रुमालानं मान पुसत म्हणाला. "मी तुह्यामागं पळत होतो. पुन्हा एक डाव म्हण, आता ऐकतो."